शेजारचा झेलकर

बाबागाडी रिकामी होती. दुपटं एका बाजूला लोंबत होतं, टोपडं गवतावर पडलं होतं आणि इरा नव्हती. मी चहाखालचा गॅस बंद करायला आत गेले होते, तेवढ्यात हे झालं.

मी ओरडले नाही. माझ्या मागून मीना आली, तिनं गाडीत पाहिलं आणि ती मात्र ओरडली. जावई वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, ते कानावरचं यंत्र तसंच ठेवून खाली धावले. बाजूच्या बोळातलं फाटक सताड उघडं होतं.

इरा सापडली शेजारच्या मागच्या अंगणात, तेलाच्या टाकीआड. घर तापवायच्या तेलाची हिरवी टाकी इथं बहुतेक घरांच्या मागे असते. त्या टाकीमागे आमचा शेजारी उकिडवा बसला होता. दोन्ही हातांत धरून त्यानं पोर छातीशी घेतली होती. ती गाढ झोपली होती. तो समोरच्या कुंपणाकडे एकटक बघत होता, पापणीसुद्धा न हलवता, जणू तिथून कोणी काहीतरी फेकणार आहे.

जावयांनी बाळ हिसकावून घेतलं. ते त्याला काय काय बोलले ते मला समजलं नाही, पण शिवी कुठल्याही भाषेत समजते. त्यानं आधी जावयांकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. कान लाल झाले, मग गाल, मग मान. साठी ओलांडलेला तो धिप्पाड माणूस उठायला गेला आणि गुडघ्यांनी त्याला उठू दिलं नाही. तो तसाच बसून राहिला. आम्ही उभे राहून बघत राहिलो. कोणी हात दिला नाही.

हा आमचा झेलकर. हे नाव जावयांनीच पाडलेलं. तो अमेरिकेचा, बायको इथली. तिकडे बेसबॉल म्हणून खेळ आहे, त्यात चेंडू टाकणाऱ्याच्या समोर, फटका मारणाऱ्याच्या मागे एक गडी बसतो आणि सुटलेला प्रत्येक चेंडू झेलतो. क्रिकेटमधला कीपर उभा तरी राहतो, ह्यानं आख्खा सामना उकिडवं बसायचं. त्याच्यावर झेलकरचं पोट होतं. "पेठेत राहिला असता तर आडनावच झेलकर झालं असतं," जावई म्हणाले आणि तेच नाव चिकटलं.

मी आयर्लंडला आले ती मीनाच्या बाळंतपणाला, दोन हजार वीसच्या सुरुवातीला. उन्हाळ्याआधी परत जायचं होतं. इरा झाली आणि विमानं बंद पडली. सत्तरीच्या पुढच्यांनी दाराबाहेर पाऊल टाकू नये असा सरकारचा हुकूम निघाला. मला राहिलं एक स्वयंपाकघर आणि एक मागचं अंगण. नावन हे गाव मी महिनोन्‌महिने कुंपणावरून जेवढं दिसतं तेवढंच पाहिलं.

त्या अंगणात मी उकिडवी बसून कोथिंबीर निवडत होते, तेव्हा कुंपणापलीकडून मोठ्यानं हसू आलं. मला वाटलं, मला हसतोय. मीनाला माझं असं बसणं आवडायचं नाही. "आई, खुर्ची आहे ना, लोक बघतात," म्हणायची. पण तो हसला आनंदानं. त्यानं बायकोला हाक मारली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग कुंपणाला धरून स्वतः तसं बसायला गेला. अर्ध्यावर अडकला. बायकोनं, नोरानं, काखेत हात घालून त्याला वर ओढला. मीना बाहेर आली तेव्हा तो तिला म्हणाला, "तुझ्या आईला ह्या वयात कुठलाही संघ घेईल. माझे गुडघे मी विकून खाल्ले."

त्याची बोटं मी तेव्हाच पाहिली. उजव्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. करंगळी बाहेर, अंगठा आत, मधलं पेरात फिरलेलं. डाव्या हातात झेलायचा मोठा हातमोजा असतो. उजवा हात उघडा राहतो, म्हणून तो पाठीमागे लपवून बसायचं. तरी चेंडू हुकायचा आणि बोट मोडायचं. दोन बोटं एकत्र बांधून पुन्हा बसायचं. ती सवय त्याला कायमची लागली होती. चहा पितानासुद्धा कप डाव्या हातात आणि उजवा कमरेमागे. नोरा म्हणायची, "लग्नाच्या फोटोतही हा असाच उभा आहे, काहीतरी चोरल्यासारखा."

त्यानं मला विचारलं, मी काय काम करत होते. मीना पटकन म्हणाली, "हाउसवाइफ." तेवढं इंग्रजी मला येतं. मी मीनाला म्हटलं, "खरं सांग त्याला." मी पुण्यात घरोघर बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालत होते. त्याच पैशांवर ही इंजिनियर झाली आणि इथं वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मोठ्या जागेवर आली. इथल्या मराठी मैत्रिणींना तिनं हे सांगितलं नव्हतं. अंगणात मान खाली घालून तिनं एका परक्या माणसाला सांगितलं. त्यानं पाठीमागचा हात पुढे काढला आणि कुंपणावरून माझ्यासमोर धरला, बाळ दाखवायला आणतात तसा.

मी लांबूनच बघितलं. म्हटलं, "हे आता सरळ व्हायचं नाही. जन्मल्याबरोबर माझ्याकडे आणायला हवं होतं." मीनानं सांगितल्यावर तो इतका हसला की नोरा बाहेर आली. त्याचे गुडघे दुखायचे, पण परपुरुषाच्या गुडघ्याला हात लावणारी मी नव्हे. मी तिळाचं तेल गरम करून बाटलीत दिलं आणि कसं चोळायचं ते नोराला माझ्या स्वतःच्या पायावर दाखवलं.

आमची भाषा वेगळी, पण आमचं अडलं नाही. झेलणाऱ्यानं मांड्यांच्या मध्ये बोटं धरून चेंडू टाकणाऱ्याला खुणा करायच्या, दुसऱ्या कोणाला दिसता कामा नये, अशी त्यांच्याकडे रीत. तीच त्यानं मला शिकवली. एक बोट म्हणजे चहा. दोन म्हणजे बाळ झोपलंय, आवाज करू नका. मूठ म्हणजे नको. जावई खिडकीतून बघायचे. "अहो आई, तुमचं आणि झेलकरांचं काय शिजतंय?" मी म्हणायचे, "चहा."

इराला दिवसा बाहेर गाडीत झोपवायची शिकवण नोराची. इथं म्हणे सगळी पोरं अशीच वाढतात. मला पटलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीची फट न्‌ फट चिंध्यांनी बुजवणारी मी. पण पोर बाहेर झोपायची छान. झेलकर पलीकडून नजर ठेवायचा, मांजर आलं तर हुसकवायचा. पुढे नियम ढिले झाले तेव्हा तो फाटकातून येऊन तिच्या गाडीपाशी खुर्ची टाकून बसू लागला. इरा दूध ओकली, किंचाळली, तरी त्याची पापणी हलायची नाही. "डोळे मिटायचे नाहीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नाकासमोर लाकडी दांडा फिरतो तेव्हा डोळे मिटणारा गडी टिकत नाही, म्हणायचा.

एकदा मीनानं फोनवर त्याचं नाव घालून पाहिलं. चहा चालू होता. तो आयुष्यभर गावोगावच्या लहान संघांतून बसनं फिरला होता, ते आम्हाला माहीत होतं. फोनमध्ये निघालं की देशातल्या सगळ्यात वरच्या संघातून तो एकच सामना खेळला. मीना कौतुकानं म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाहीत कधी! एवढ्या मोठ्या संघात!" त्यानं कप खाली ठेवला. त्या सामन्यात शेवटी एक चेंडू त्याच्या हातमोज्याखालून मागे गेला, समोरच्यांच्या गड्यानं पळून धाव काढली आणि सामना गेला. दुसऱ्या दिवशी त्याला परत बसमध्ये बसवलं. पुढची सगळी वर्षं मैदानाच्या कोपऱ्यात, जे गडी नंतर खेळायला उतरणार त्यांचे सरावाचे चेंडू झेलण्यात गेली. सामन्यात नाही, सामन्याच्या आधी. हे तो हसत हसत सांगत होता, पण कान लाल होते. मग म्हणाला, "झेललेले कोणी मोजत नाही, मिसेस." आणि चहा अर्धा टाकून घरी गेला. मीना मला म्हणाली, "मी चांगल्या मनानं विचारलं गं." मी म्हटलं, "चांगल्या मनानंच माणसं उघडी पडतात."

चेंडू नुसते हातावर बसत नव्हते. दांड्याला निसटता लागलेला चेंडू थेट तोंडावरच्या जाळीवर आदळतो. डोकं घंटेसारखं वाजायचं, असं तो सांगायचा. त्या काळी समोर बोटं धरून विचारायचे, किती दिसतात? बरोबर सांगितलं की पुन्हा बसवायचे. "चुकलो तर?" त्यानं खांदे उडवले. "चुकलो तरी दुसरा कोण होता?"

ऑगस्टात खुणा बिघडल्या. चहा पिऊन कप परत दिला आणि लगेच त्यानं एक बोट दाखवलं. मी पुन्हा केला. तो संपवून पुन्हा एक बोट. मी मीनाला सांगितलं. "अगं, वय झालंय," ती म्हणाली. एक दिवस तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन फ्रीजसमोर उभा राहिला आणि पँट ओली झाली. त्याचं त्यालाच कळलं नाही, मग कळलं. मी माझं धुवट लुगडं त्याच्याकडे टाकलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. पँट धुऊन दोरीवर घातली. तो लुगड्यात गुंडाळून खुर्चीवर बसला होता, उजवा हात पाठीमागे. जाताना त्यानं मूठ दाखवली. कोणाला सांगू नको. मी सांगितलं नाही.

नोराला माहीत होतंच. ती इथल्या हॉस्पिटलात रोग्यांना जेवण पोचवायचं काम करत होती, त्या काळात सुट्टी मिळत नव्हती. विचारलं की म्हणायची, "ही इज ग्रँड," म्हणजे ठीक आहे. पण एकदा कुंपणाशी ती मीनाजवळ रडली. वसंतात म्हाताऱ्यांच्या होममध्ये माणसं भराभर गेली होती, बातम्यांत रोज तेच. ती म्हणाली, "डॉक्टरला कळलं तर होममध्ये टाका म्हणतील. तिथं गेला तर मी त्याला परत बघायची नाही." तिला एवढंच हवं होतं, लस येईपर्यंत ह्याला घरात ठेवायचा. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. म्हणून पुढचं झालं ते अजाणता झालं असं म्हणायची सोय नाही.

पुढचं म्हणजे बाबागाडीचा दिवस.

बाळ घेऊन आम्ही घरात आलो. इराला ओरखडासुद्धा नव्हता. जावयांनी फोन उचलला. मी म्हटलं, "सुहासराव, ठेवा तो फोन."

"आई, हा पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. भावनिक होऊ नका."

"मी भावनिक नाही. तो तिला झेलून बसला होता."

"तुम्हाला इथलं कळत नाही. उद्या काही झालं तर विचारतील, तुम्ही कळवलं का नाही?"

मी मीनाकडे पाहिलं. ती म्हणाली, "करू दे त्याला." तिचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. रिकामी गाडी मीही पाहिली होती.

पोलीस आले. एक तरुण बाई आणि एक बुवा, दोघं सभ्य. आवाज न चढवता सगळं विचारून गेले. मग नर्स आली, मग डॉक्टरचा कागद. बाबागाडीच्या दिवशी संध्याकाळीच नोरा आमच्या दारात आली होती, कामाच्या कपड्यांत, पावसात, ठरलेलं अंतर राखून. माफी मागत होती. कोणाच्या घरात जायचं नाही असा नियम पुन्हा लागला होता, त्यामुळे आम्ही तिला आत ये म्हटलं नाही. नियम होता म्हणून आमची सोय झाली. आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची, ती तिनं दुसऱ्या दिवशी दारातल्या पत्रांच्या फटीतून आत टाकली. जावयांनी बाजूच्या फाटकाला कुलूप आणलं. कुलूप लावताना ते मला म्हणाले, "तसं काही मनात नाही माझ्या." मी म्हटलं, "मग कुठं आहे?"

ऑक्टोबरात तो होममध्ये गेला. टाय बांधला होता, केस विंचरलेले. कुठंतरी सामन्याला निघालोय असं त्याला वाटत होतं. बॅग त्यानं स्वतः गाडीच्या डिकीत ठेवली, ठाकठीक बसवली, इतकी वर्षं बसमध्ये बसवली तशी. मी खिडकीत होते. त्यानं मला पाहून हात केला, अगदी मोकळा, राग नाही, काही नाही. त्याच्या लक्षातच नव्हतं. आमच्या लक्षात होतं, म्हणून मी पडद्यामागे झाले.

नंतर कुंपणावर कोणी आलं नाही. नोरा कामावर जायची, तिथून होमच्या खिडकीबाहेर उभी राहायला जायची. आत सोडत नव्हते. तिची गाडी जाताना-येताना दिसायची. मीना दोनदा केक घेऊन दारापर्यंत गेली आणि बेल न वाजवता पायरीवर ठेवून आली. नोरानं डबा धुऊन आमच्या पायरीवर ठेवला. नाताळनंतर आजार पुन्हा उसळला. झेलकरच्या होममध्ये शिरल्याचं मीनाला गल्लीतल्या बायकांकडून कळलं. आम्ही जेवायला बसलो होतो. जावई ताटावरून उठले.

जानेवारीत नोराची गाडी दारातच उभी राहिली. आम्हाला वाटलं, सुट्टी असेल. मग कचऱ्याचा दिवस आला. सगळ्यांचे डबे बाहेर लागले, तिचा लागला नाही. पूर्वी असं झालं असतं तर मी कुंपणावर डोकावले असते, किंवा झेलकरनं भिंत ठोकली असती. आता भिंतीपलीकडे तोही नव्हता. मी जावयांना म्हटलं, "बघून या." ते म्हणाले, "काय तोंडानं जाऊ?" म्हटलं, "आहे त्याच तोंडानं जा."

फाटकाच्या कुलपाची किल्ली सापडेना. शेवटी ते कुंपणावरून उडी मारून गेले. नोरा स्वयंपाकघरात जमिनीवर होती. श्वास चालू होता. अँब्युलन्स आली तोवर ते तिच्याजवळ बसले, अंतर न राखता, तिचा हात धरून. ती शुद्धीवर होती की नव्हती त्यांना सांगता आलं नाही. ज्या हॉस्पिटलात ती ताटं पोचवायची तिथंच नेली आणि तिथंच ती गेली. माझ्यापेक्षा कितीतरी लहान होती.

अंत्यविधीला मोजकीच माणसं चालत होती. बाकीची गल्लीत आपापल्या फाटकापाशी उभी राहिली आणि गाडी हळूहळू समोरून गेली. आम्हीही उभे होतो, इराला घेऊन. समोरची म्हातारी रस्त्यापलीकडून आम्हाला म्हणाली, तुमच्या दुःखात सहभागी आहे. इथं ते घरच्या माणसांना म्हणतात. तिला वाटत होतं, आम्ही जवळचे. मीनानं मान हलवली. आम्ही ते घेतलं.

विमानं नीट सुरू झाली तेव्हा माझं परत जायचं ठरलं. मी म्हटलं, त्याला बघितल्याशिवाय जाणार नाही. तोवर होममध्ये आत सोडू लागले होते. तो खिडकीशी खुर्चीवर होता, जाडही झाला होता. त्यालाही ताप आला होता, त्याच्या मजल्यावरची बरीच माणसं गेली, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. नोराचं सुरुवातीला त्याला सांगत होते. दरवेळी त्याला ते नव्यानं कळायचं आणि तो दरवेळी तितकाच रडायचा, म्हणून सांगणं बंद केलं.

त्यानं मीनाला विचारलं, "नोरा कामावर आहे ना?" मीना म्हणाली, "हो." मग त्यानं इराकडे पाहिलं. ती तुरुतुरु चालत त्याच्या खुर्चीपर्यंत गेली होती. "गोड पोर आहे. कोणाची?" जावई म्हणाले, "माझी," आणि तोंड फिरवून बाहेर गेले. मला त्यानं ओळखलं नाही. मी जरा वेळ बसले आणि उठले.

त्या वर्षी त्या दोन घरांत मिळून आम्ही सहा माणसं होतो. नोरा गेली. बाकी सगळे जगलो. तोही.